काट्याला टिचकी

निवडुंगाच्या काट्याला नखाने हलकेच टिचकी मारली तर आवाज होतो. फक्त तो ऐकायचा तर कान काट्याच्या इतका जवळ न्यावा लागतो की पुढचं सांगायला नको. काटा बारीक. तो थरथरला तरी भोवतालची हवा त्याला वळसा घालून निघून जाते, ढकलली अशी जातच नाही. आणि हवा ढकलली गेली नाही तर आवाज आपल्यापर्यंत पोचणार कसा? तारेचीही हीच अडचण असते. नुसती तार दोन खिळ्यांमध्ये ताणून छेडली तर जेमतेम ऐकू येते. तंबोऱ्यात तीच तार घोडीला हलवते, घोडी तबलीला, आणि तबली व भोपळा मिळून हवेला. मिरजेच्या कारागिरांचं कसब या मधल्या प्रवासात असतं. निवडुंगाला तबली नाही. त्याच्यासाठी ते काम एक स्वस्तातली पितळी चकती करते.

या चकतीला पिझो म्हणतात. नाण्याएवढी पितळेची पातळ चकती, तिच्यावर सिरॅमिकचा पांढरट थर आणि दोन बारीक वायरी. दाबल्यावर वीज निर्माण होण्याचा गुण काही स्फटिकांमध्ये असतो, हे प्येर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवून दिलं. त्यातला प्येर हा पुढे मेरी क्युरीचा नवरा झाला. आज हा गुण खेळण्यांत, बझरमध्ये, गिटारच्या पिकअपमध्ये सर्रास वापरला जातो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ही चकती काही रुपयांत मिळते. ती झाडाला चिकटवली, किंवा तिला डाग देऊन जोडलेली सुई झाडाच्या गरात रोवली, की झाला कॉन्टॅक्ट माईक. नेहमीचा माईक हवेतलं कंपन टिपतो, हा वस्तूतलं टिपतो. त्यामुळे प्रेक्षकांत कुणी खोकलं तरी त्याचं बिघडत नाही, पण टेबलाला धक्का लागला तर सभागृहात गडगडाट होतो. आणखी एक खोड म्हणजे चकतीतून येणारा विजेचा संदेश फार नाजूक असतो. ती सरळ मिक्सरच्या माईकच्या खाचेत जोडली तर खालचे सूर गळून जातात आणि उरतो तो पत्र्यासारखा किरकिरा आवाज. गिटारच्या अॅम्प्लिफायरला जोडली की काम होतं, कारण त्याचा इनपुट एक मेगाओहमच्या घरातला असतो आणि चकतीला तेवढा लागतो.

आता निवडुंगाकडे वळू. वाजवायला सोयीचा म्हणजे गोल्डन बॅरल. चेंडूसारखा गोल, उभ्या कण्यांचा, सोनेरी काट्यांनी भरलेला. परदेशात त्याला थट्टेने ‘सासूची उशी’ म्हणतात. आपल्याकडच्या नर्सऱ्यांतही तो असतो. जवळून पाहिलं तर प्रत्येक कण्यावर ठरावीक अंतराने लोकरीसारखा मऊ ठिपका दिसतो. प्रत्येक ठिपक्यातून काट्यांचा झुबका फुटतो आणि झुबक्यातले काटे सारखे नसतात. मधले लांब, कडेचे आखूड, काही किंचित वाकलेले. दात कोरायच्या काडीने एका काट्याचं टोक खाली दाबून सोडलं की ‘टुंग’ असा थेंबासारखा सूर येतो आणि लगेच विरतो. शेजारचा काटा वेगळा सूर देतो. पिसाने झुबका झाडला तर सरसर, आणि काडी कण्यावरून वरपासून खालपर्यंत ओढली तर सुरांची घसरगुंडी. सूर ओला वाटतो आणि त्याला कारण आहे. काटा ज्या गरात रुतलेला असतो तो पाण्याने भरलेला असतो, तो कंपनं भराभर गिळतो. त्यामुळे इथे आस नावाला असते.

काट्याचं गणित तारेपेक्षा वेगळं आहे. तार दोन्ही टोकांना बांधलेली असते. काटा एका टोकाला पक्का, दुसऱ्या टोकाला मोकळा. तारेची लांबी निम्मी केली की सूर एक सप्तक चढतो. काट्याची लांबी निम्मी असली तर, जाडी तीच धरून, कंपनसंख्या चौपट होते, म्हणजे सूर दोन सप्तकं चढतो. म्हणून हाताच्या ओंजळीत मावणाऱ्या झाडात मंद्रापासून तारापर्यंतचा पल्ला सापडू शकतो. आणि तंबोऱ्याच्या तारेतून जे वरचे स्वर झिरपतात ते मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सरळ पटीत असतात. तो सुरेलपणा तिथूनच येतो. एका टोकाला जखडलेल्या सरळ पट्टीचं दुसरं कंपन पहिल्याच्या सुमारे सव्वासहा पट असतं. काटा तर टोकाकडे निमुळता, त्यामुळे त्याचा हिशेब आणखी वेगळा. निवडुंगावर ‘सा’ लावता येतो, पण तो ‘सा’ कुठल्याही घराण्याचा नसतो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे तिचा उपयोग आहे. काटा म्हणजे निवडुंगाचं रूपांतरित पान. तो बुडातून वाढतो, आणि पूर्ण वाढला की त्यातल्या पेशी मेलेल्या असतात. उरतो तो कडक तंतूंचा जुडगा. तेव्हा झाड जिवंत असलं तरी त्यावर वाजतो तो भाग जिवंत नसतो.

निवडुंग वाजवायची कल्पना रंगमंचावर आणली अमेरिकन संगीतकार जॉन केज यांनी. केज (१९१२–१९९२) म्हटलं की बहुतेकांना १९५२ची ती रचना आठवते, ज्यात वादक चार मिनिटं तेहेतीस सेकंद काहीच वाजवत नाही. त्या प्रसिद्धीने त्यांचं बाकीचं काम झाकून टाकलं. तरुणपणी, १९३७च्या सुमारास, ते ऑस्कर फिशिंगर या चित्रपटकाराकडे काही काळ मदतनीस होते. प्रत्येक वस्तूच्या आत काहीतरी दडलेलं असतं आणि ती वस्तू कंप पावली की ते मोकळं होतं, हे फिशिंगर यांचं म्हणणं केज यांनी इतकं मनावर घेतलं की ते दिसेल त्या वस्तूवर टकटक करत सुटले. १९६० साली ‘कार्ट्रिज म्युझिक’ आलं. ग्रामोफोनच्या पिनेच्या जागी काडी, पीस, तार असं काहीही खोचायचं आणि ते घासून-खरवडून निघणारे बारीक आवाज मोठे करायचे. म्हणजे यंत्र आधीच तयार होतं. झाड यायचं होतं.

ते आलं नर्तकामुळे. मर्स कनिंगहॅम यांच्या नृत्यसंस्थेसाठी केज वर्षानुवर्षं संगीत देत. त्या संस्थेतल्या चार्ल्स मोल्टन या नर्तकाने एकदा एक निवडुंग त्यांच्या कानाशी धरला आणि काटे छेडून दाखवले. १९७५ साली कनिंगहॅम यांच्या ‘सोलो’ या एकल नृत्यासाठी केज यांनी ‘चाइल्ड ऑफ ट्री’ लिहिलं. नाव जेम्स जॉइसच्या ‘फिनेगन्स वेक’मधून उचललेलं. पुढच्या वर्षी त्याचाच विस्तार ‘ब्रँचेस’ नावाने आला.

‘चाइल्ड ऑफ ट्री’ची संहिता पाहिली तर तिच्यात एकही स्वर लिहिलेला नाही. हस्ताक्षरातल्या सूचना आहेत, बस्स. वादकाने दहा वाद्यं जमवायची, सगळी वनस्पतींची. प्राण्यांपासून किंवा धातूपासून बनलेलं काही चालणार नाही. निवडुंगाचा उल्लेख स्पष्ट आहे, आणि दुसरा उल्लेख आहे पॉइन्सियानाच्या वाळलेल्या शेंगेचा. रॉयल पॉइन्सियाना म्हणजे आपला गुलमोहर. महाराष्ट्रात मे महिन्यात ज्याचं अंगण गुलमोहराखाली असतं त्याला त्या हातभर लांब, काळपट, लाकडासारख्या शेंगांचा खुळखुळा ठाऊक असतोच; न्यूयॉर्कच्या वादकाला तो बाहेरून मागवावा लागे. बाकी आठ वाद्यं वादकाची. वाळकी पानं, फांद्या, सालपटं, जे हाती लागेल ते. रचना आठ मिनिटांची. त्या आठ मिनिटांचे भाग कसे पाडायचे आणि कुठल्या भागात कुठली वाद्यं घ्यायची हे ‘ई चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथाच्या पद्धतीने, नाणी उडवून, आधीच ठरवायचं. मग स्टॉपवॉच लावून प्रत्यक्ष वाजवताना त्या चौकटीत उत्स्फूर्त वाजवायचं.

यातला ‘उत्स्फूर्त’ हा शब्द केज यांच्या तोंडी आश्चर्याचा आहे. त्यांना उत्स्फूर्त वादन अजिबात पसंत नव्हतं. वादक ऐन वेळी सुचेल ते वाजवतो म्हणतो, पण सुचतं ते त्याच्या सवयीतून आणि आवडीनिवडीतून. तो स्वतःच्या आठवणीच वाजवत असतो, असं त्यांचं म्हणणं. आपल्या कानाला हे खटकतं. आपल्याकडे रागाची ओळख जितकी जुनी तितकी बढत मोकळी मानली जाते, आणि बोटांत मुरलेलं जे आहे त्यालाच आपण तालीम म्हणतो. केज यांचा आग्रह नेमका उलटा होता. वादकाला वाद्य माहीतच नसेल तर तो सवयीने वाजवणार कसा? निवडुंग त्यासाठी अगदी योग्य. कुठला काटा काय बोलेल याचा नेम नाही, दोन निवडुंग एकसारखे नसतात, आणि वाजवता वाजवता काटे मोडतात. शेंग फुटते, पान चुरगळतं. वाद्य अंगवळणी पडेपर्यंत ते संपलेलं असतं आणि नवं शोधावं लागतं. १९७७च्या ‘इनलेट्स’मध्ये त्यांनी हीच युक्ती शंखांवर केली. शंखात पाणी भरून ते वेगवेगळे कलते करायचे. आत कधी गुडगुड होईल आणि कधी होणार नाही हे वादकाच्या हातात नाही. मला ‘इनलेट्स’ जास्त आवडतं, पण विचार म्हणून ‘चाइल्ड ऑफ ट्री’ पहिला.

केज यांचा रानाशी संबंध असा ओढूनताणून आणलेला नव्हता. अळिंबी हा त्यांचा खरा नाद. १९५९ साली इटलीच्या टेलिव्हिजनवरच्या ‘लाशा ओ राद्दोप्या’ या प्रश्नमंजूषेत त्यांनी अळिंबी हा विषय घेऊन पन्नास लाख लिरा जिंकले. १९६२ साली न्यूयॉर्कच्या अळिंबी अभ्यासक मंडळाच्या स्थापनेत ते होते. रानात वाकून पाहायची सवय असलेल्या माणसालाच निवडुंगाला कान लावावासा वाटतो.

भारताशीही त्यांचा धागा आहे. १९४६ साली अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या. त्यांनी केज यांना हिंदुस्थानी संगीत आणि त्यामागचा विचार शिकवला, आणि बदल्यात केज यांच्याकडून पाश्चात्त्य काउंटरपॉइंट शिकल्या. संगीत हे मन शांत आणि ग्रहणशील करण्यासाठी असतं, हे गीताबेनांच्या गुरूंचं म्हणणं केज पुढे आयुष्यभर सांगत राहिले. केज यांचे सहकारी डेव्हिड ट्यूडर यांनी १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर बसवून इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा केला, तोही याच साराभाई घराण्याच्या ओळखीतून.

हल्ली ‘झाडांचं संगीत’ म्हणून इंटरनेटवर जे फिरतं त्याचा या सगळ्याशी फारसा संबंध नाही. तिथे कुंडीतल्या मनी प्लँटच्या पानांना दोन चिमटे लावलेले असतात आणि स्पीकरमधून मंद, मधुर, ध्यानाला बसल्यासारखं काहीतरी वाहत असतं. खाली लिहिलेलं असतं, झाड गातंय. फिलाडेल्फियाच्या डेटा गार्डनचं ‘मिडी स्प्राउट’ २०१४ साली लोकवर्गणीतून आलं आणि पुढे त्याचंच ‘प्लँटवेव्ह’ झालं. इटलीत दामानूर नावाच्या वस्तीत असे प्रयोग १९७०च्या दशकापासून चालू आहेत.

यंत्र काय करतं ते समजून घेतलं की भानगड उलगडते. पानावरच्या दोन चिमट्यांमधल्या विजेच्या वहनात बारीक चढउतार होत असतात. पानातलं पाणी कमी-जास्त होतं, चिमट्याखालचा ओलावा सुकतो, कुणी जवळ येतं, हात लावतं. यंत्र हे चढउतार मोजतं आणि बदल ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की संगणकाला सांगतं, एक स्वर वाजव. कुठला स्वर, कुठल्या सप्तकात, बासरीचा की पियानोचा, हे माणसाने आधी भरून ठेवलेलं असतं. स्वरसप्तकात भूपाचे पाच स्वर भरले तर झाड भूप गाणार आणि मालकंसाचे भरले तर मालकंस. पाच स्वरांची चौकट घेतली की कसेही स्वर पडले तरी कानाला बोचत नाहीत. म्हणून तर या चित्रफितींतली झाडं कधी बेसूर होत नाहीत. चिमटे कणकेच्या ओल्या गोळ्याला लावले तरी सूर निघू शकतात. वहनात बदल होतोय, एवढंच यंत्राला हवं असतं.

निवडुंगावर असा आळ घेता येत नाही. काटा ‘टुंग’ म्हणाला तर ते कंपन काट्याचंच असतं, मधे कुणी स्वर भरलेला नसतो. आणि तो काटा मेलेला असल्यामुळे झाडाला काय वाटलं हा प्रश्नही उद्भवत नाही. झाड गातं असा दावा केज यांनी केला नाही. त्यांना झाड वाद्य म्हणून हवं होतं.

झाडाला भावना असतात आणि त्या विजेतून कळतात, ही समजूत पसरली ती क्लीव्ह बॅक्स्टरमुळे. हा खोटं पकडायच्या यंत्राचा जाणकार. १९६६ साली त्याने ते यंत्र ड्रॅसिनाच्या पानाला लावलं, आणि पान जाळायचा नुसता विचार मनात येताच यंत्राची सुई उसळली असं जाहीर केलं. १९७३च्या ‘द सिक्रेट लाइफ ऑफ प्लँट्स’ या पुस्तकाने ही गोष्ट घराघरांत नेली. स्टीव्ही वंडरने १९७९ साली त्यावरच्या माहितीपटाला संगीत दिलं. शास्त्रज्ञांनी काळजीपूर्वक नियंत्रित प्रयोग करून पाहिले तेव्हा त्यात काही निघालं नाही. १९७५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तसा निष्कर्ष छापूनही आला. पण ज्याला झाडाशी बोलायचंच आहे तो ‘सायन्स’ कशाला वाचेल?

वाईट याचं वाटतं की या गदारोळात जगदीशचंद्र बोस यांचं नाव बॅक्स्टरच्या पंगतीला बसवलं गेलं. वनस्पतीत विजेचे संदेश खरोखरच धावतात. माशी पकडणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅपच्या पानातले ते लंडनच्या बर्डन-सँडरसन यांनी १८७३ सालीच मोजले होते. बोस यांनी लाजाळूत ते किती वेगाने जातात हे तपासलं, आणि त्यासाठी केलेलं एक उपकरण सांगण्यासारखं आहे. पानाच्या हालचालीची नोंद करणारी लेखणी काजळी धरलेल्या काचेवर घासत राहिली तर घर्षणानेच पानाची नाजूक हालचाल अडेल. म्हणून त्यांनी लेखणी ठरावीक कंपनसंख्येने थरथरत ठेवली. ती काचेला टेकून टेकून ठिपके उमटवत जाई. घर्षण वाचलं, आणि ठिपके मोजले की वेळही कळली. सूर लावलेल्या तारेने घड्याळाचं काम केलं.

झाडं आवाज करतात का, याचं अलीकडचं उत्तर तेल अवीव विद्यापीठातून आलं. लिलाख हदानी आणि सहकाऱ्यांनी २०२३ साली ‘सेल’ या नियतकालिकात दाखवलं की पाणी तोडलेली किंवा खोड कापलेली टोमॅटोची आणि तंबाखूची झाडं तासाला तीस ते पन्नास टिकटिक आवाज करतात, सुस्थितीतलं झाड तासाला एकसुद्धा धड करत नाही. हे आवाज ४० ते ८० किलोहर्ट्झच्या आसपासचे, आणि माणसाचा कान २०च्या पुढे बंद. बहुधा खोडातल्या पाण्याच्या नळ्यांत हवेचे बुडबुडे फुटल्याने ते होत असावेत. ही शंकाही नवी नाही. मिलबर्न आणि जॉन्सन यांनी १९६६ साली, बॅक्स्टर पान जाळायचं मनात आणत होता त्याच वर्षी, एरंडाचं पान सुकताना देठाला कंपनमापक लावून असेच टिकटिक आवाज पकडले होते. बातम्यांमध्ये ‘टोमॅटो किंचाळतो’ असं छापून आलं. जे ध्वनिमुद्रण ऐकवलं जातं ते कानाच्या टप्प्यात यावं म्हणून खाली उतरवलेलं आणि मधली शांतता कापून दाटीवाटीने लावलेलं असतं. ऐकायला ते मक्याच्या लाह्या फुटल्यासारखं लागतं.

वाद्यांकडे परत यायचं तर व्हिएन्नाच्या भाजी-वाद्यवृंदाचा उल्लेख हवाच. १९९८ पासून ही मंडळी कार्यक्रमाच्या दिवशी मंडईतून ताज्या भाज्या आणतात, गाजराला भोकं पाडून बासरी करतात, लीक या कांद्याच्या भाऊबंदाला व्हायोलिनसारखं घासतात, भोपळ्याचा ढोल करतात आणि या क्षीण आवाजांपुढे माईक ठेवून दोन घटका वाजवतात. नंतर प्रेक्षकांना भाजीचं सूप मिळतं.

घरी करून पाहायचं असेल तर एक सावधगिरी. कुंपणावर दिसणारा काटेरी थोर किंवा साबर हा निवडुंगाच्या कुळातला नाही. त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो, आणि काटेही आखूड व जाडजूड असल्याने वाजण्याची आशा कमी. फड्या निवडुंगही नको. त्याच्या मोठ्या काट्यांच्या बुडाशी केसासारखी कुसळं असतात, ती बोटात शिरली की दिवसभर पुरतात. गोल्डन बॅरल घ्या, काटे तोडू नका. निवडुंग मोडलेल्या काट्याच्या जागी नवा काटा काढत नाही. नवे काटे शेंड्याला येतात.

गोल्डन बॅरल नर्सरीत पैशाला पासरी असला तरी मेक्सिकोत, त्याच्या मूळ जागी, धरणाच्या पाण्याने आणि चोरट्या तोडीने दुर्मीळ झाला आहे. निवडुंगाच्या जवळजवळ सगळ्या जाती साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, म्हणून झाड सरहद्दीपार न्यायचं तर परवान्याचे कागद लागतात. दौऱ्यावर निघालेल्या वादकाला त्यापेक्षा ज्या गावी कार्यक्रम त्या गावच्या नर्सरीतून निवडुंग विकत घेणं परवडतं. मग प्रत्येक गावी वाद्य नवं आणि कुठला काटा काय बोलेल हे मैफलीआधी ठाऊक नाही, म्हणजे केज यांनी घातलेली अट आता जकात खातंच पाळून घेतं.